टाकी गरम, नळ गार

सकाळी ६:३०
जानेवारीत माझा फोन अलार्मच्या आधी वाजतो. "भाऊ, सोलरची टाकी वर गरम हाये, पण बाथरूममध्ये गारच पाणी येऊन राहिलं." वर्ध्यात आमचा धंदा मुळात उन्हाचा. कूलर आणि मोटारी वर्षभर पोसतात, गिझर-सोलरचे दोनच महिने. फोनवरच विचारून घेतो: सगळ्याच नळांना गार येतं की एकाच? कधीपासून? आणि घरात नवीन काय बसवलं? शेवटच्या प्रश्नाला हमखास उत्तर येतं, "काहीच नाही."

८:००, रामनगर
काकूंनी माझ्याआधीच निकाल लावला होता: ट्यूबा गेल्या. स्लॅबवर जाऊन टाकीतून निघणाऱ्या पाइपाला हात लावला तर चटका बसला. ट्यूबा ठणठणीत, गडबड वाटेत.

टाकीचा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला, खाली आलो आणि बाथरूमचा गरम नळ सोडला. वरची वाट बंद, म्हणजे थोड्या वेळात नळ कोरडा पडायला पाहिजे. धार थांबेचना, तीही चांगली जोरात. मग हे पाणी थंड लाइनीतून मिक्सरमार्गे येत असणार.

"काकू, प्रेशर पंप कधी लावला?"

"तो तर दिवाळीत लावला जी. त्याचा काय संबंध?"

संबंध असा की पंप फक्त थंड लाइनीवर होता. सोलरचं पाणी टाकीच्या उंचीच्या जोरावरच उतरतं, त्याला दुसरा जोर नाही. वरच्या बाथरूममध्ये मुलगा मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या ठेवून हातातल्या शॉवरचं बटण तेवढं दाबून बंद करायचा. थंड पाण्याला बाहेर पडायला जागा नाही, म्हणून ते गरम पाइपात शिरून सोलरच्या पाण्याला मागे लोटायचं. त्या मिक्सरच्या गरम बाजूला एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवला. त्यावरचा बाण पाणी जायच्या दिशेला ठेवावा लागतो. उलटा बसला तर गरम पाणी कायमचंच बंद.

बसवायला काही मिनिटं लागली, शोधायला त्याच्या कितीतरी पट. काकू म्हणाल्या, "एवढूसा तर व्हॉल्व्ह! त्याचेच पैसे घ्या नं." हे दुखणं रोजचं आहे. ट्यूब बदलली असती तर त्यांनी घासाघीस न करता पैसे दिले असते.

११:००, सावंगी मेघे
मुलांचं हॉस्टेल. मालकाने मजला चढवला आणि गरम पाइप नव्या भिंतीवरून वर नेऊन पुन्हा खाली आणला. त्या उंचवट्यात हवा अडकली. खालच्या बाथरूममध्ये थंड आणि गरम नळ रबरी नळीने जोडले आणि पाणी उलटं चढवलं. वर गुडगुड झालं आणि लाइन मोकळी झाली. पण हे तात्पुरतं. त्या उंचवट्यावर हवेचा उभा पाइप काढून थंड टाकीपेक्षा उंच नेल्याशिवाय हवा पुन्हा अडकणार. मालक म्हणाला, "पाहू." म्हणजे पुढच्या थंडीत पुन्हा मीच.

१:१५
डबा. तुरीच्या सोल्यांचा भात. या दिवसांत फोन आला तरी जेवण अर्धवट सोडत नाही.

२:००, पुलगाव रोड
जुनी टाकी. २०१० साली राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं, त्यानंतर अनुदानावर बसलेल्यांपैकी. शहराच्या नळाला धाम नदीचं पाणी असलं तरी या घराला बोअरच आहे, आणि आपल्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी जड. क्षारांनी पाइपाचं तोंड पेन्सिल जाईल एवढंच उरलेलं. त्यात बरेच दिवस मोटर बंद राहिल्याने टाकी रिकामी, आणि ट्यूबांतलं पाणीही वाफ होऊन उडालेलं.

"आता भरून पाहा नं," मालक म्हणाले.

नाही. रिकामी ट्यूब उन्हात आतून दोनशे अंशांच्या वर तापते. तिच्यात गार पाणी सोडलं की काच तडकलीच म्हणून समजा. ट्यूबांवर ताडपत्री टाकली, चारी कोपरे विटांनी दाबले आणि संध्याकाळी येतो म्हणालो. त्यांना मी काम टाळतोय असं वाटलं. वाटू द्या.

६:००
पुन्हा तिथेच. पाइप कापला, नवा तुकडा टाकला, तळाचा गाळ सोडला, मग टाकी भरली. एकही ट्यूब गेली नाही.

८:३०
इंग्लंडहून भाच्याचा फोन. "मामा, नळाला कडक पाणी येतं, पण घर गरम होऊन नाही राहिलं." तिकडे बहुतेक घरांत एकच बॉयलर नळालाही पाणी देतो आणि खोल्यांतल्या रेडिएटरलाही. नळाला कडक पाणी येतं म्हणजे बर्नर पेटतोय. थर्मोस्टॅट खोलीच्या तापमानापेक्षा वर आहे का, टायमर चालू आहे का, रेडिएटरच्या चाव्या उघड्या आहेत का, दाबाचा काटा एक ते दीडच्या मध्ये आहे का, एवढं बघायला लावलं. सगळं ठीक. मग आतला, पाणी नळाकडे की रेडिएटरकडे ते ठरवणारा डायव्हर्टर व्हॉल्व्ह अडकला असावा. पण त्याला हात लावू नको म्हणालो. गॅसचं काम तिथे 'गॅस सेफ'मध्ये नोंद असलेल्या माणसानेच करायचं, असा कायदा आहे.

"बोलावतो. पण मामा, तो नुसता येऊन पाहायचेही पैसे घेते."

"काही बदललं नाही तरी?"

"तरी."

किती घेतो ते मी दोनदा विचारून घेतलं.