संग्रह की साठा?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या मैंदर्गीच्या घरी एका खोलीवरून वाद झाला. घर तीन खोल्यांचे. त्यांतली मागची खोली गेली चौदा-पंधरा वर्षे काकांच्या व्हिडिओ गेमच्या सामानाने भरलेली. पावसाळ्यात त्या खोलीचे माळवद गळाले, तेव्हा ते उपसून नवे करायचे ठरले आणि खोली रिकामी करणे भाग पडले. वडील काकांना म्हणाले, "सगळं भंगारात घाल. पोरगी रोज एस.टी.नं अक्कलकोटला कॉलेजला जाते, तिला घरात पुस्तक उघडायला कोपरा नाही, आणि तू गोण्या सांभाळत बसलायस." काका म्हणाले, "भंगार नाही अण्णा, संग्रह आहे तो." आजीने नेहमीप्रमाणे कन्नडमधला एकच शब्द उच्चारला, "इरली." म्हणजे असू दे. आमच्या सीमेवरच्या गावात मराठी आणि कन्नड एकाच ओसरीवर बसतात, आणि जी वस्तू टाकवत नाही तिच्या वाट्याला हाच शब्द येतो.

शेवटी निवाडा माझ्यावर सोपवला गेला. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे बँकेच्या फॉर्मपासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत सारे माझ्यापुढे येते. तसे हेही आले. चार दिवस मी काकांबरोबर त्या खोलीत बसले.

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली घरच्या टीव्हीला जोडायचे एक यंत्र काढले. आपल्याकडे ते मूळ यंत्र क्वचितच आले. आल्या त्या त्याच्या नकला, समुराई, मीडिया अशा नावांनी. यंत्राच्या डोक्यावरच्या खाचेत कॅसेट खोचायची आणि हातात रिमोट घेऊन खेळायचे. तिला कॅसेट म्हणत असले तरी आत फीत नसते, एक छोटी पट्टी आणि तिच्यावर चिप असते. स्वस्त कॅसेटमध्ये ती चिप डांबराच्या थेंबासारख्या काळ्या ठिपक्याखाली झाकलेली दिसते. काकांनी २००१ साली असे तीन सेट आणि तीन जुने टीव्ही घेऊन मागच्या खोलीतच दुकान मांडले. अर्ध्या तासाला दोन रुपये. मारिओ आणि कॉन्ट्रा यांसाठी शाळा सुटल्यावर मुलांची रांग लागे, असे आई सांगते. मुली अर्थातच तिकडे फिरकत नसत. पुढे मोबाईल आले, रांग आटली आणि २०१० साली दुकान बंद झाले. सामान मात्र वाढतच गेले. सोलापूरच्या जुन्या बाजारातून काका बिघडलेले सेट आणि किलोच्या भावाने कॅसेटी आणीत राहिले. कधीतरी दुरुस्त करू, हा त्यामागचा हिशेब.

आता प्रश्न असा की ही साठवण चांगली की वाईट हे कशावरून ठरवायचे? वस्तूच्या किमतीवरून म्हणावे तर त्याचा भरवसा नाही. अमेरिकेत अटारी कंपनीने १९८३ साली न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा-डेपोत पुरून टाकल्या होत्या. २०१४ साली तो खड्डा उकरला गेला आणि त्यातली एक कॅसेट स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात जाऊन बसली. उलट २०२१ साली 'सुपर मारिओ ६४' ची एक सीलबंद प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरना गेली. ती प्रत उघडली तर तिची किंमत उतरणार, म्हणजे तो खेळ कधीच खेळला जायचा नाही. मला तरी तो संग्रह वाटत नाही. लॉकरातले सोने वाटते.

संख्येवरूनही हे ठरत नाही. पुण्याचे कै. दिनकर केळकर यांचे उदाहरण आपणा सर्वांस ठाऊक आहे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करण्यास आरंभ केला. दिवे, अडकित्ते, कुलुपे, फण्या, भांडी. म्हणजे लोकांच्या माळ्यावर पडलेली अडगळच. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय केले आणि पुढे ते राज्य शासनाच्या स्वाधीन केले. आज तेथे २० हजारांहून अधिक वस्तू आहेत, आणि त्यांतल्या सुमारे अडीच हजारच मांडलेल्या असतात. बाकीच्या बंद खोल्यांतच आहेत की! तरीही त्यांना कोणी साठा म्हणत नाही, कारण संग्रहालयात वस्तू आली की नोंदवहीत तिला क्रमांक मिळतो आणि मागितली तर ती काढून दाखवता येते.

वैद्यकशास्त्राचे म्हणणेही याच दिशेचे आहे. टाकवत नाही म्हणून सामान रचत जाणे हा स्वतंत्र मानसिक विकार असू शकतो, हे अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदान-पुस्तिकेत नमूद केले. त्यात वस्तू किती आहेत हे मोजत नाहीत. खोली ज्यासाठी बांधली त्यासाठी ती वापरता येते का, आणि वस्तू सोडताना माणसाला किती यातना होतात, हे पाहतात. (हे मी काकांना वाचून दाखवले नाही. प्रत्येक जपणाऱ्या माणसाला रोगी ठरवण्याची घाई मला पसंत नाही.)

आमच्या सोलापूर भागात पूर्वी ज्वारी पेवात साठवीत. तोही साठाच, परंतु वर्षाकाठी पेव उघडायचे हे ठरलेले असे. आणि उघडले तरी लगेच आत उतरायचे नाही, कारण बंद पेवातल्या हवेने माणसे दगावलेली आहेत.

व्हिडिओ गेमची गोष्ट अडकित्त्याहून नाजूक आहे. अडकित्ता शंभर वर्षे पडून राहिला तरी सुपारी कातरतो. कॅसेटच्या दातांवर मात्र ओल बसते. काका आणि त्यांची गिऱ्हाइके खेळ सुरू झाला नाही की कॅसेटमध्ये फुंकर मारीत. त्या फुंकरीतली वाफच दात खराब करते. खोडरबराने हलके घासणे त्याहून बरे. बंदुकीची कथा तर आणखी निराळी. बदके मारायच्या खेळातली ती प्लॅस्टिकची बंदूक काहीच सोडत नाही, ती फक्त पाहते. चाप ओढला की क्षणभर पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. तो उजेड नळीतल्या डोळ्याला त्याच क्षणी दिसला तर नेम लागला. जुन्या काचेच्या टीव्हीवर हे जमते, आजच्या पातळ टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येते आणि एकही बदक पडत नाही. म्हणजे बंदूक जपायची तर टीव्हीही जपायला हवा. काकांनी तिन्ही टीव्ही का ठेवले हे मला तेव्हा उमगले. आम्ही त्यांतला एक लावला. चालला. आयुष्यात प्रथमच मी तो खेळ खेळले आणि सात बदके पाडली.

काकांची बाजूही खोटी नाही. अमेरिकेतल्या एका संस्थेने २०२३ साली पाहणी केली, तेव्हा तेथे २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात रीतसर मिळेनासे झाल्याचे आढळले. अशा वेळी ते कोणाच्या तरी मागच्या खोलीतच उरतात.

तिसऱ्या दिवशी टीव्हीच्या मागे दुकानाची वही सापडली. काकांनी प्रत्येक कॅसेटला क्रमांक देऊन नाव, किंमत, आणल्याची तारीख आणि 'कशी चालते' हे लिहिले होते. एका '९९९९९९९ इन १' कॅसेटपुढे शेरा होता : 'खरे खेळ १२, बाकी तेच ते.' खरोखर या कॅसेटींत थोडेच खेळ असतात आणि तेच वेगवेगळ्या टप्प्यापासून सुरू करून यादी लांबवलेली असते. दुकानदार असताना काकांना ही फसवणूक लगेच कळली होती. वहीत ४१ क्रमांक होते. पुढची पाने कोरी.

नोंदलेल्या ४१ पैकी ३४ कॅसेटी सापडल्या आणि २९ चालल्या. न नोंदलेल्या ५९ निघाल्या. त्यांत एकच कॅसेट सहा-सहा वेळा, आणि चालल्या फक्त १७. त्या काकांनी घरी आणून एकदाही लावून पाहिल्या नव्हत्या. अकरा सेटपैकी दोन धड होते. माझ्या मते संग्रहाचा साठा झाला तो दुकान बंद झाले त्या वर्षी नव्हे, वहीत लिहिणे थांबले त्या दिवशी. मी तसे काकांना म्हटले. ते बराच वेळ पान उलटत राहिले. मग म्हणाले, "तेव्हा लिहायला गिऱ्हाईक होतं गं. नंतर कोणासाठी लिहू?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

चालणाऱ्या १७ कॅसेटींना ४२ पासून पुढे क्रमांक दिले. अक्षर माझे, शेरे काकांचे. भंगारवाल्याला सात सेट आणि वायरींच्या दोन गोण्या दिल्या. उरलेल्या न चालणाऱ्या कॅसेटींची एक गोणी काकांनी भंगारवाला येण्याआधीच पहाटे उठून आजीच्या खाटेखाली सरकवली होती. वडिलांना ती दिसली, पण ते काही बोलले नाहीत. आता माळवद नवे झाले आहे, खिडकीशी माझे टेबल आहे आणि भिंतीला टेकून तिन्ही टीव्ही. परीक्षा झाल्यावर रविवारी गल्लीतल्या मुलींना खेळायला बोलवायचे काका म्हणतात. दर अजून ठरलेला नाही.