तुमच्या दुकानाचा उपकर्णधार कोण?

भिंगारमधलं तुमचं दुकान, आणि उद्या तुम्हीच आजारी पडलात, तर शटर कोण उघडणार?

डिसेंबर २०२०. ॲडलेड कसोटीत भारत ३६ धावांत गारद. कर्णधार कोहली पहिल्या बाळासाठी रजा घेऊन मायदेशी निघाला. सूत्रं आली उपकर्णधार अजिंक्य रहाणेकडे. आपल्याच जिल्ह्यातल्या आश्वी खुर्दचा माणूस! मेलबर्नला त्याने ११२ केल्या. जडेजासोबत धाव घेताना स्वतः धावबाद झाला, पण जाताना जडेजालाच धीर देऊन गेला. सामना ८ गडी राखून जिंकला, पुढे मालिकाही २-१.

मी माणूस निवडताना हेच बघतो: दुसऱ्यामुळे नुकसान झालं की हा कसा वागतो? सगळ्यात जास्त विक्री करणारा पोरगा गल्ला सांभाळेलच असं नाही. एकाला निवडा, आठवड्यातून एक दिवस किल्ली त्याच्याकडे द्या. आणि हो, त्या दिवशी दर तासाला फोन करू नका!