उरलेल्या क्लोरीनचे काम

पावसाळ्यात नळाच्या पाण्याला टीसीएलचा (विरंजक चूर्णाचा) वास आला, की ‘आज औषध जास्त पडलं’ म्हणून ते सांडून झऱ्याचे नितळ पाणी भरण्याकडे कल असतो. राजगडाच्या पायथ्याचे गुंजवणे असो की भोर शहर, हा समज कुठेही भेटू शकतो. त्यात नवल नाही. जंतू दिसत नाहीत, वास मात्र लगेच येतो.

पाण्यात घातलेला क्लोरीन आधी जंतू आणि गाळ यांवर खर्च होतो. अर्ध्या तासाने जो शिल्लक राहतो, तो उर्वरित क्लोरीन. राजगडावर जाताना सगळी शिदोरी बालेकिल्ल्यावरच संपवली, तर उतरताना हाती काही नसते. तसाच क्लोरीन टाकीतच संपला, तर पुढे फुटक्या जलवाहिनीत शिरलेल्या घाणीचा बंदोबस्त करायला काही उरत नाही. म्हणून भारतीय मानक १०५०० नुसार लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. हलका वास हे बहुधा त्याचेच लक्षण. जलसुरक्षक (ग्रामपंचायतीच्या पाण्याची देखरेख करणारा) ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून पिवळा रंग पाहतो, तो यासाठीच. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि संशय दूषित पाण्यावर गेला, तेव्हा पुणेकरांनाही ही चाचणी आठवली.

तुरटीने गाळ बसतो, पण पाणी निर्जंतुक होत नाही. गढूळ पाण्यात क्लोरीन लवकर संपतो, म्हणून आधी तुरटी, मग टीसीएल. उकळलेले पाणी सुरक्षित खरे, पण त्यात राखण करणारा क्लोरीन नसतो. त्यावर झाकण हवे आणि काढायला लांब दांड्याचे ओगराळे; तांब्या बुडवला की बोटेही बुडतात.