अंगठीतला मेंढपाळ कोणाचा?

संपादकांना ‘गुप्त खुणा’ हव्या होत्या. रोमन साम्राज्यात छळ सोसणारे ख्रिस्ती लोक, अंगठीवर कोरलेला मासा, एकमेकांना ओळखण्याची मूक भाषा असा सगळा मसाला. वाचत गेलो तसा मसाला गळत गेला आणि हाती उरला बाजार. मला तोच जास्त आवडला.

डिसेंबर २०२१ मध्ये इस्राएलच्या पुरातत्त्व खात्याने कायसारियाजवळच्या समुद्रात सापडलेलं सामान जाहीर केलं. तिथे दोन जहाजं बुडालेली होती. एक सुमारे १७०० वर्षांपूर्वीचं, दुसरं साधारण ६०० वर्षांपूर्वीचं. जुन्या जहाजाच्या सामानात नाणी होती, घंटा होत्या, काशाचा गरुड होता आणि एक अष्टकोनी सोन्याची अंगठी होती. तिच्यात हिरवा खडा आणि खड्यावर आखूड अंगरख्यातला तरुण, खांद्यावर मेंढरू घेतलेला. ‘उत्तम मेंढपाळ’, म्हणजे येशू, असं बातम्यांनी लगेच सांगितलं. त्याच सामानात कोंदणाशिवायचा एक लाल खडाही होता आणि त्यावर लायर हे तंतुवाद्य कोरलेलं होतं. त्याच्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही.

वास्तविक लायरला तर लेखी परवानगी आहे. इ.स. २०० च्या आसपास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने ‘पेडागोगस’ या ग्रंथात ख्रिस्ती माणसाने कसं खावं, कसं ल्यावं हे सांगितलं, त्यात अंगठ्याही आल्या. मुद्रेवर कबुतर चालेल, मासा चालेल, वाऱ्यावर निघालेलं गलबत, लायर, जहाजाचा नांगर चालेल. मासेमारी करणारा माणूस असेल तर प्रेषिताची आठवण होईल. मूर्तींचे चेहरे, तलवार, धनुष्य, मद्याचे प्याले मात्र नकोत. बाईने अंगठी घालावी ती नटायला नव्हे, घरातल्या वस्तूंवर मोहोर लावायला. घरधनिणीच्या कोठीची काळजी करणारा हा धर्मगुरू मला फार जवळचा वाटला.

ही यादी नव्या चिन्हांची नाही. लायर पॉलिक्रेटिस या ख्रिस्तपूर्व ग्रीक सत्ताधीशाच्या मुद्रेवर होतं आणि नांगर सेल्युकस राजाच्या, हे क्लेमेंट स्वतःच सांगतो. पॉल कॉर्बी फिनी या अभ्यासकाने १९८७ मध्ये नेमकं हेच मांडलं: क्लेमेंट नवी कला घडवत नव्हता, बाजारात तयार असलेल्या मालातून आपल्या माणसांनी काय उचलावं ते सांगत होता. आणि गंमत म्हणजे मेंढपाळ, जो पुढे ख्रिस्ती खड्यांवर इतका लाडका झाला, त्या यादीत नाहीच.

मग तो कोरणारा कोण? त्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही, पण त्याची रीत खड्यावर वाचता येते. खडा राळेने दांडीवर घट्ट बसवायचा. कमानीने फिरणाऱ्या सामत्याच्या टोकाला तेल आणि कुरुंदाची पूड लावायची. टोक मऊ धातूचं असलं तरी चालतं, कारण कापते ती पूड. गोल टोकाने गोल खळगा पडतो, त्यातून डोकं, गुडघा, मेंढराचं पोट निघतं. पातळ चाकाने सरळ चीर पडते, तिच्यातून काठी, पाय, अंगरख्याच्या चुण्या. सगळं खोलगट आणि उलटं करायचं, कारण मेणावर किंवा मातीवर उमटेल तेव्हा ते सुलटं दिसायला हवं. स्वस्त खड्यांवर चार चिरा आणि दोन खळगे एवढ्यात मेंढपाळ आटोपलेला असतो. हात तोच, गिऱ्हाईक फक्त बदलायचं.

कच्चा माल कुठून यायचा याचा एक धागा आपल्याकडे येतो. पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक प्रवासग्रंथ सांगतो, की भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून अकीकजातीचे दगड गाड्यांत भरून भडोचला येतात, पुढे समुद्रापार जायला. अमुक खडा पैठणचा, असं बोट ठेवता येत नाही. पण गोदाकाठचा दगड रोमच्या बोटात पोचत होता.

मला खरं अडवलं ते इंग्लंडमधल्या एका अंगठीने. १७८५ मध्ये सिल्चेस्टरजवळच्या शेतात ती मिळाली, आता हॅम्पशायरमधल्या ‘द वाइन’ या जुन्या वाड्यात असते. सुमारे १२ ग्रॅम सोनं, व्यास २५ मिलिमीटर, कडं दहा पैलूंचं. चौकोनी माथ्यावर व्हीनस देवी आणि तिचं नाव, मोहोरेसाठी नीट उलटं कोरलेलं. कड्यावर मात्र सुलट्या अक्षरांत दुसराच मजकूर: सेनिसियाना, देवाठायी जग. हा ख्रिस्ती आशीर्वाद झाला. आणि तिथे घोटाळा आहे. ‘देवाठायी’साठीच्या ‘इन देओ’ या लॅटिन शब्दांतला ‘इन’ कोरताना कारागिराने पहिलं अक्षर दोनदा कोरलं, त्यामुळे ‘देओ’मधल्या शेवटच्या ‘ओ’ला जागाच उरली नाही. स्टीलच्या डब्यावर नाव घालून घेताना आडनावाचं शेवटचं अक्षर काठावर आपटतं, तसंच. व्हीनस कोरणाऱ्याचा हात आणि हा हात एक नसावा, असं मला वाटतं.

पुढची कथा कादंबरीत शोभेल. ग्लॉस्टरशायरमधल्या लिडनी इथल्या नोडेन्स देवाच्या मंदिरात शिशाचा एक शापपत्रा सापडला. सिल्व्हियानस नावाच्या माणसाची अंगठी हरवलीय. तिची निम्मी किंमत तो देवाला देऊ करतो आणि सेनिसियानस नावाच्या लोकांत, अंगठी परत येईपर्यंत, कोणाला आरोग्य लाभू देऊ नकोस म्हणतो. नाव जुळलं, म्हणून ती हरवलेली अंगठी हीच, असा तर्क झाला. मॉर्टिमर व्हीलरने लिडनीला उत्खनन केलं. हे तेच व्हीलर, जे पुढे १९४४ मध्ये भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. नोडेन्स या नावाचा छडा लावायला त्यांनी पुढे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किनची मदत घेतली आणि त्यावरून ही अंगठी ‘त्या’ अंगठीची आजी म्हणून मिरवते.

मात्र सेनिसियानस एकटाच नव्हता. बाथच्या झऱ्यातून निघालेल्या एका शापपत्र्यावरच्या नावांच्या यादीतही तो आहे. तिथे अनियानस नावाच्या माणसाची सहा चांदीची नाणी चोरीला गेली आहेत. चोर मूर्तिपूजक असो वा ख्रिस्ती, देवीने त्याला गाठावं, असं तो मागतो. म्हणजे फिर्याद लिहिणाऱ्यालाही शेजाऱ्याचा धर्म बाहेरून ओळखता येईल याची खात्री नव्हती.

आपली अडचण तीच आहे, फक्त जास्त बिकट. खांद्यावर पशू घेतलेला तरुण ग्रीकांकडे हर्मिस देवाच्या रूपात शतकानुशतकं उभा होता आणि रोमन घरांत तो निव्वळ सुखी रानातल्या जीवनाचं चित्र होता. शब्द नसतील तर खडा काहीच कबूल करत नाही. त्यात बहुतेक खडे संग्राहकांच्या हातांतून फिरत आले. कोणत्या गावच्या कोणत्या थरात, कोणाच्या हाडांशेजारी मिळाले, ते निघून गेलं. ख्रिस्ती म्हटलं की भाव चढतो हे कळल्यावर नकलाही झाल्या. कायसारियाची अंगठी निदान जहाजाच्या सामानात मिळाली. पण मेंढपाळाला येशू म्हणायचं आणि शेजारच्या लायरला ख्रिस्ती म्हणायचं नाही, हा निवाडा कशाच्या जोरावर, हे बातम्या सांगत नाहीत. मी असतो तर दोघांपुढे प्रश्नचिन्ह ठेवलं असतं.

चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइननंतर ‘खी’ आणि ‘रो’ या ख्रिस्ताच्या ग्रीक नावातल्या पहिल्या दोन अक्षरांची जोडखूण राजमान्य झाली, मग ऑर्डर देऊन ख्रिस्ती अंगठ्या होऊ लागल्या आणि शंका मिटली. त्याआधीच्या काळात येशू असल्याबद्दल वादच नाही असा एक खडा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे: गडद हिरव्या रक्ताश्मावर क्रूसावरचा येशू, नावासकट. सुळी दिलेल्या येशूचं हे आपल्यापर्यंत पोचलेलं जवळजवळ सर्वांत जुनं चित्र. पण नावाला लागूनच मंत्रातली निरर्थक अक्षरं आहेत, आणि खडा बाळगला जायचा तो ताईत म्हणून. क्लेमेंटने तो कोणाच्या बोटात चालवून घेतला नसता.