रक्त घ्यायला शिकाऊ विद्यार्थी आला तर?

आसेगावहून आलेल्या एका मावशींना बीपीसाठी टेल्मिसार्टन सुरू आहे. या गोळीने काहींचं पोटॅशियम वाढतं, म्हणून अधूनमधून रक्त तपासावं लागतं. त्या दिवशी खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "डॉक्टर, शिकाऊ पोरीनं रक्त घेतलं माझं. रिपोर्ट बरोबर येईन काय?"

हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो, पण विचारत कुणी नाही. अकोल्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे, वाशिमला २०२४ मध्ये सुरू झालं. अशा महाविद्यालयांच्या रुग्णालयात शिकणारी मुलं भेटणारच. लॅबमधली मुलं बहुधा डीएमएलटी किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या पदवीची असतात. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पदवीत तीन वर्षं शिक्षण आणि नंतर एक वर्ष आंतरवासिता असते. म्हणजे प्रत्यक्ष लॅबमध्ये, जुन्या तंत्रज्ञाच्या हाताखाली काम करायचं. शीर शोधणं पुस्तकातून येत नाही. माझंही तसंच झालं.

लोकांना वाटतं, चूक मशीनमध्ये होते. खरं तर बहुतेक चुका नमुना मशीनपर्यंत पोहोचण्याआधीच झालेल्या असतात. दंडाला बांधलेला पट्टा मिनिटापेक्षा जास्त राहिला, रक्त सिरिंजने जोरात ओढलं किंवा ट्यूब जोरात हलवली, तर रक्तपेशी फुटू शकतात. पेशींच्या आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटाच वाढतो. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये बहुधा पोटॅशियमयुक्त ईडीटीए असतं. त्यातलं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतलं तरी पोटॅशियम वाढलेलं आणि कॅल्शियम कमी दिसतं. म्हणून ट्यूब भरण्याचा क्रम ठरलेला असतो. साखरेसाठी राखाडी झाकणाची ट्यूब असते. साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच राहिलं तर पेशी साखर वापरत राहतात आणि आकडा दर तासाला साधारण पाच ते सात टक्के घसरतो. गावात घेतलेला नमुना गाडीने तालुक्याला जाणार असेल, त्यातही उन्हाळा असेल, तर हे लक्षात ठेवा.

सगळ्यात वाईट चूक मात्र नावाची. शिकत असताना मी एकदा वेळ वाचवायला ट्यूबवर आधीच नावं लिहून ठेवली. शेजारच्या दोन खाटांवर एकाच आडनावाच्या दोन बाया होत्या, आणि ट्यूब उलटसुलट झाल्या. रक्तगट जुन्या नोंदीशी जुळला नाही म्हणून वेळीच लक्षात आलं. नाही तर चुकीच्या गटाचं रक्त चढलं असतं. तेव्हापासून लेबल रक्त घेतल्यावर, रुग्णासमोरच.

तुम्ही इथेच मदत करू शकता. "तुमचं नाव अमुक ना?" असं विचारलं तर नुसती मान हलवू नका. पूर्ण नाव आणि वय स्वतः सांगा, आणि ट्यूबवर काय लिहिलं तेही पाहा. सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा पूर्वी रक्त देताना चक्कर आली असेल, तर आधीच सांगा आणि झोपून रक्त द्या. नंतर कोपर न वाकवता कापूस काही मिनिटं दाबून धरा.

विद्यार्थ्याने स्वतःची ओळख करून द्यावी, ही अपेक्षा रास्त आहे. नको असेल तर नाही म्हणा. त्यामुळे उपचार थांबत नाहीत. दोन प्रयत्नांत शीर सापडली नाही तर जाणत्या तंत्रज्ञाला बोलवायला सांगा. लहान मुलांच्या बाबतीत मी तर पहिल्याच प्रयत्नानंतर सांगेन.

कधी तुम्हाला टोचलेली सुई चुकून त्या विद्यार्थ्यालाच लागते. मग एचआयव्ही आणि कावीळ ब व क यांच्या तपासणीसाठी तुमची संमती मागितली जाते. तो तुमच्यावर संशय नसतो. एचआयव्ही रोखणारं औषध त्याला लवकरात लवकर, फार तर ७२ तासांत सुरू करावं लागतं, म्हणून ही घाई.

मावशींचा रिपोर्ट आला तेव्हा पोटॅशियम ६.१ होतं. साधारण ३.५ ते ५ असायला हवं. खाली लॅबची टीप होती: नमुन्यात पेशी फुटल्या आहेत, पुन्हा पाठवा. म्हणजे मावशींची शंका अगदीच खोटी नव्हती, पण असे नमुने वीस वर्षं काम केलेल्या हातांकडूनही येतात. सहापुढचं पोटॅशियम खरं असेल तर हृदयाला धोका असतो, म्हणून लगेच ईसीजी काढला. तो ठीक होता. दुसरा नमुना त्याच मुलीने घेतला, तंत्रज्ञ शेजारी उभे राहिले आणि पट्टा वेळेत सुटला. आकडा आला ४.४. गोळी बदलावी लागली नाही.