संगणकावरचा फलंदाज बाद कसा होतो?

मधल्या सुट्टीत पुस्तकातले क्रिकेट खेळला नाही असा विद्यार्थी विरळाच. पुस्तक कुठेही उघडायचे आणि डाव्या पानाच्या क्रमांकातला एकम स्थानचा अंक पाहायचा. 2, 4 किंवा 6 आले तर तितक्या धावा, 8 आला तर एक धाव आणि शून्य आले की फलंदाज बाद! घरगुती संगणकावरचे क्रिकेट मुळात याच जातीचे. फरक एवढाच, की संगणकाजवळ उघडायला पुस्तक नसते. त्याला येते ते फक्त गणित, आणि गणिताचे उत्तर तर ठरलेले असते. मग फलंदाज कधी बाद होणार हे अनिश्चित कसे राहते?

छोटे यंत्र, मोठे मैदान

1982 साली ब्रिटनमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा घरगुती संगणक विक्रीस आला. त्याची परवान्याने बनवलेली आवृत्ती 1986 मध्ये भारतातही मिळू लागली. पडदा म्हणून घरचा दूरचित्रवाणी संच जोडायचा आणि साध्या टेपरेकॉर्डरवरून खेळाची आज्ञावली संगणकात भरायची. या यंत्राची स्मृती 48 किलोबाइट, म्हणजे 49,152 बाइट होती. त्यातले 6,912 बाइट पडद्यावरच्या चित्रालाच लागत. उरलेल्या जागेत दोन्ही संघ, पंच, धावफलक आणि खेळाचे नियम बसवायचे!

त्या दशकाच्या मध्यास निघालेल्या ‘ग्रॅहॅम गूच्स टेस्ट क्रिकेट’ या खेळाचे दोन प्रकार होते. एकात खेळणारा कळा दाबून चेंडू टोलवी. दुसऱ्यात खेळाडूंच्या गुणांवरून संगणकच सामना पुढे नेई. आपण या दुसऱ्या प्रकाराचे अंतरंग पाहू.

सारे फलंदाज सारखे नसतात

पुस्तकातल्या क्रिकेटमध्ये शेवटचा अंक पाचच प्रकारचा येऊ शकतो, म्हणून बाद होण्याची शक्यता सर्वांना सारखीच, पाचात एक. खऱ्या मैदानावर असे नसते. कसोटी सामन्यांत सुनील गावसकर यांची सरासरी 51.12 धावांची, तर गोलंदाज भागवत चंद्रशेखर यांची 4.07 धावांची. दोघे एकाच वेगाने धावा काढतात असे क्षणभर मानले, तर चंद्रशेखर यांची दर चेंडूला बाद होण्याची शक्यता सुमारे साडेबारा पट ठेवावी लागेल. समजा, गावसकरसाठी ती 125 चेंडूंत एक, म्हणजे 0.008 ठेवली, तर चंद्रशेखरसाठी ती 10 चेंडूंत एक, म्हणजे 0.1 होईल.

आता दर चेंडूला संगणकाने 0 आणि 1 यांच्या दरम्यानची एखादी संख्या ‘चिठ्ठी उचलल्यासारखी’ निवडायची. ती 0.008 पेक्षा लहान निघाली तर गावसकर बाद, नाहीतर खेळ पुढे चालू. अशा संख्यांना यादृच्छिक संख्या म्हणतात.

चिठ्ठी कोण उचलतो?

स्पेक्ट्रमची रीत अशी होती. आधीच्या संख्येत 1 मिळवा, 75 ने गुणा, 65,537 ने भागा, बाकीतून 1 वजा करा. आलेल्या संख्येला 65,536 ने भागले की 0 आणि 1 यांच्या दरम्यानची संख्या मिळते. सुरुवातीच्या संख्येला ‘बीज’ म्हणतात. संगणक नुकताच चालू केला असेल तर बीज 0 असे. मग पुढच्या संख्या 74, 5624, 28652, 51790 अशा येत. म्हणजेच 0.0011, 0.0858, 0.4372, 0.7903.

काय झाले पाहा. 0.0011 ही संख्या 0.008 पेक्षा लहान! म्हणजे संगणक चालू करून लगेच खेळ सुरू केला, तर आपला गावसकर दरवेळी पहिल्याच चेंडूवर बाद होणार. उद्याही आणि परवाही. दिसायला ‘नशीब’, पण आहे निव्वळ गुणाकार-भागाकार.

यावर युक्ती फार सुरेख होती. संगणक दूरचित्रवाणीच्या पडद्यावर सेकंदाला 50 चित्रे पाठवी आणि त्यांची मोजणी ठेवी. खेळणाऱ्याने सुरुवातीची कळ दाबली, की त्या क्षणीची मोजणी बीज म्हणून घ्यायची. सेकंदाच्या पन्नासाव्या भागापर्यंत बोटाची वेळ कोण ठरवून साधणार? म्हणजे नशीब यंत्रातून येत नाही, ते आपल्याच बोटातून येते!

करून पाहा

कागदावर हाच प्रयोग करा. कोणतेही बीज घ्या, 3 ने गुणा, 17 ने भागा आणि बाकी लिहा. ती बाकी हेच पुढचे बीज. नियम असे: बाकी 1 आल्यास बाद, 2 ते 7 निर्धाव, 8 ते 12 एक धाव, 13 किंवा 14 दोन धावा, 15 चौकार, 16 षटकार.

बीज 5 घेतल्यास बाक्या येतात 15, 11, 16, 14, 8, 7. पहिल्याच षटकात 14 धावा! पुढे 4, 12, 2, 6 आणि मग 1. अकराव्या चेंडूवर गडी 15 धावांवर बाद. बीज 2 घेतले तर मात्र तो दुसऱ्याच चेंडूवर तंबूत परततो.

आता गुणक 3 ऐवजी 2 घ्या आणि बीज 3 पासून सुरुवात करा. बाक्या येतील 6, 12, 7, 14, 11, 5, 10 आणि पुन्हा 3. या फेऱ्यात 1 कधीच येत नाही, म्हणून फलंदाज अमर! गुणक 3 असताना 1 ते 16 या सगळ्या संख्या एकेकदा येतात, 2 असताना फक्त आठच येतात. स्पेक्ट्रमसाठी 65,537 ही मूळ संख्या आणि 75 हा गुणक निवडला तो याचसाठी. त्या जोडीने सर्व 65,536 संख्या एकेकदा येऊन गेल्यावरच फेरा पुन्हा सुरू होतो.

17 बरोबर 5, 6 आणि 7 हे गुणकही घेऊन पाहा. कोणता गुणक कोणालाही अमर करत नाही आणि कोणता करतो, हे वर्गात प्रत्येकाने वेगळे बीज घेऊन तपासता येईल. मूळ संख्या आणि बाकी यांचा धडा रुक्ष वाटत असेल, तर एका गड्याचे बाद होणे त्यावरच अवलंबून आहे हे ध्यानात ठेवा.