वेब सर्व्हरचे अद्ययावतीकरण आणि मांडणी-फाइलींतील विसंगती : अपाचे २.४ च्या संदर्भात

प्रस्तावना : महाविद्यालयांचे निकाल, प्रवेशसूचना व अंतर्गत कागदपत्रे आज संकेतस्थळांवर ठेवली जातात. अशी संकेतस्थळे चालविणाऱ्या वेब सर्व्हरची आज्ञावली सुरक्षिततेसाठी अद्ययावत ठेवणे अपरिहार्य असते. तथापि अद्ययावतीकरणानंतर कधी संकेतस्थळ बंद पडते, तर कधी बंद असावयास हवे ते खुले होते. यांतील दुसरा प्रकार अधिक घातक असून तो सहसा लक्षात येत नाही.

समस्येचे मूळ : अपाचे सर्व्हरची २.४ ही शाखा २०१२ मध्ये, तर ती स्वीकारणारी डेबियन ८ ही प्रणाली २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. डेबियनमध्ये आज्ञावलीचे पॅकेज बदलले, तरी व्यवस्थापकाने स्वतः बदललेली मांडणी-फाइल त्याच्या संमतीविना पुसली जात नाही. हे धोरण योग्यच आहे. परंतु त्यामुळे नवी आज्ञावली जुन्या फाइलीतील निर्देश नव्या नियमांनी वाचू लागते.

दिसणारे दोष : डेबियन ८ मध्ये संकेतस्थळांच्या मांडणी-फाइलींच्या नावाअखेर ‘.कॉन्फ’ असणे आवश्यक ठरले. तसे नसलेली फाइल वाचलीच जात नाही व अपेक्षित संकेतस्थळाऐवजी दुसरेच पान किंवा त्रुटीचा संदेश दिसतो. दुसरा दोष प्रवेशनियंत्रणाचा. २.२ मधील ‘ऑर्डर’, ‘अलाऊ’ व ‘डिनाय’ या निर्देशांची जागा २.४ मध्ये ‘रिक्वायर’ या निर्देशाने घेतली. जुने निर्देश ओळखणारे पूरक मॉड्यूल कार्यान्वित नसेल, तर सर्व्हर सुरूच होत नाही. ते असेल, तर जुन्या व नव्या अशा दोन्ही अटींची पूर्तता करावी लागते. मुख्य फाइलीत ‘रिक्वायर ऑल डिनाइड’ असताना संकेतस्थळाच्या फाइलीतील जुना ‘अलाऊ फ्रॉम ऑल’ पुरेसा ठरत नाही. वाचकास ४०३ क्रमांकाची त्रुटी दिसते व नोंदवहीत ‘एएच०१६३०’ हा संकेत उमटतो. तेथे ‘रिक्वायर ऑल ग्रँटेड’ लिहिणे हा उपाय होय.

न दिसणारा दोष : एखाद्या निर्देशिकेत ‘.एचटीॲक्सेस’ फाइल ठेवून तिला परवलीच्या शब्दाचे संरक्षण देण्याची पद्धत रूढ आहे. ही फाइल मानावी की नाही, हे ‘अलाऊओव्हरराइड’ हा निर्देश ठरवितो. तो कोठेही लिहिलेला नसल्यास २.२ मध्ये ‘ऑल’ हे मूल्य गृहीत धरले जात असे, २.४ मध्ये ‘नन’ धरले जाते. परिणामी, निर्देश स्पष्टपणे लिहिलेला नसेल तेथे संरक्षक फाइल जागेवर असूनही दुर्लक्षिली जाते आणि गोपनीय कागदपत्रे कोणासही खुली होतात. सर्व्हरच्या दृष्टीने ही यशस्वी विनंती असल्याने त्रुटीची कोणतीही नोंद होत नाही.

पडताळणी : ‘कॉन्फिगटेस्ट’ ही आज्ञा मांडणी-फाइलीचे केवळ व्याकरण तपासते, व्यवस्थापकाचा हेतू तिला ज्ञात नसतो. म्हणून अद्ययावतीकरणापूर्वी सर्व मांडणी-फाइलींची प्रत ठेवावी, गृहीत मूल्यांवर विसंबून न राहता निर्देश स्पष्टपणे लिहावेत आणि नंतर बाहेरील संगणकावरून, परवलीचा शब्द न देता, संरक्षित पाने उघडून पाहावीत.

निष्कर्ष : संकेतस्थळ दिसू लागले म्हणजे अद्ययावतीकरण यशस्वी झाले, असे मानणे पुरेसे नाही. खुली पाने उघडतात आणि बंद पाने बंदच राहतात, या दोन्ही गोष्टींची खात्री झाल्यावरच ते काम पूर्ण झाले असे म्हणता येईल.